लिची, काटेरी लिची टोमॅटो आणि तात्यांची वांगी : परड्यातल्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२३

पाऊस ओसरला. आता कामाला हात घालता येईल.

गुहागरजवळ, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं आगर आहे. पुढे नारळ-सुपारी, घरामागे परडं. परड्याच्या दक्षिण अंगाला लिचीचं एक झाड आहे. २०१४च्या पावसाळ्यात उत्तरेतून आलेलं गुटी कलम लावलं होतं. झाड देखणं आहे. पालवी फुटते तेव्हा तांबूस असते, वहिनी ती तोरणात घालते. फळ मात्र आजवर एक नाही. खत घालून झालं, पाणी देऊन झालं, पाणी तोडूनही झालं. येणारा-जाणारा विचारतो, "लिची लागते का हो कोकणात?" झाड लागतं, एवढंच उत्तर आहे.

कारण थंडी. लिचीला मोहोर यायला हिवाळ्यात काही आठवडे सलग गारवा लागतो आणि त्या काळात जमीन कोरडीही हवी. मुझफ्फरपूरला जानेवारीत रात्री ८-१० अंशांवर उतरतात. आमच्या किनाऱ्यावर समुद्र रात्र उबदार ठेवतो, १८-१९ अंश म्हणजे आमची कडाक्याची थंडी. तेवढ्यावर हापूस मोहोरतो. लिची पालवीच काढत बसते.

म्हणून या मोसमात दोन कामं ठरवली आहेत. एक, मोहोर यावा म्हणून लिचीच्या निवडक फांद्यांना कडं घालायचं, म्हणजे सालीची एक गोल पट्टी काढायची. दुसरं, ज्याला बी विकणारे 'लिची टोमॅटो' म्हणतात ते झाड लावून बघायचं. त्याचा खऱ्या लिचीशी नात्याचा संबंध नाही. ते वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, शास्त्रीय नाव सोलॅनम सिसिम्ब्रिफोलियम. खोडाला काटे, पानांवर दोन्ही बाजूंनी काटे, फळावरच्या टोपणालाही काटे. मला हवे आहेत ते काटेच. वानरांनी गेली काही वर्षं परड्यात वांगं, टोमॅटो, पपई काही म्हणून ठेवलेलं नाही. माणसालाच तोडायला अवघड जाईल असं एखादं फळझाड असेल तर ते हवंय.

शिवाय नारळ-सुपारीच्या सावलीत रांबुतानची (लिचीच्याच कुळातल्या फळाची) दोन कलमं आहेत, केरळातून मागवलेली. त्यांच्या नोंदी अधूनमधून येतील.

५ ऑक्टोबर

लिचीची पावसातली पालवी आता गडद हिरवी, जून झाली आहे. कडं घालायची हीच वेळ. कोवळी पालवी अंगावर असताना घातलं तर फांदी नुसती ओढली जाते.

मनगटाएवढ्या चार फांद्या निवडल्या. बुंध्याला हात लावला नाही. जखम भरली नाही तर झाडच जाईल, म्हणून निम्म्याहून जास्त फांद्या मोकळ्या ठेवल्या. हॅकसॉच्या दोन पात्या एकत्र बांधून फांदीभोवती फिरवल्या आणि मधली तीन-चार मिलिमीटरची साल खरवडून काढली. पाती लाकडाला लागताच आवाज बदलतो, खरखर थांबून करकर सुरू होते. तिथेच थांबायचं. जखमेवर बोर्डो पेस्ट लावली. सुपारीच्या कोळेरोगासाठी मोरचूद घरात असतंच. फवारणीला शंभर लिटर पाण्यात मोरचूद आणि चुना एकेक किलो घेतो, पेस्टसाठी तेवढंच दहा लिटरात.

यामागचा हिशेब सोपा आहे. पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली मुळांकडे जाते. ती वाट काही दिवस बंद केली की साखर फांदीतच साठते आणि फांदी पालवीऐवजी मोहोराकडे वळण्याची शक्यता वाढते. थंडीची जागा हे पूर्ण भरून काढत नाही.

शेजारचे तात्या गडग्यावरून बघत होते. त्यांचं उभं आयुष्य हापूसची कलमं बांधण्यात गेलं. म्हणाले, "अरे, आंब्याला कल्टार देतोस ना, मग याला का नको?" कल्टार म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध. मी म्हटलं, "तात्या, दोन्ही केली आणि मोहोर आला, तर कशाने आला ते कसं कळणार?" त्यावर "कळून काय करायचंय, लिच्या खायच्या," म्हणाले. मुद्दा खोडता आला नाही, पण कल्टार दिलं नाही. आजपासून पाणीही बंद.

८ ऑक्टोबर

लिची टोमॅटोचं बी पेरलं. वीस बियांची पुडी १८० रुपयांना. टोमॅटोच्या बीसारखंच चपटं, पिवळट. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. ट्रे पडवीत ठेवला.

२६ ऑक्टोबर

वांग्याचं बी आठवड्यात वर येतं, यांनी दोन आठवड्यांहून जास्त घेतले. वर आली तेव्हा बघून समाधान वाटलं, आणि चार दिवसांत निम्मी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी झाली. रोपं कोलमडण्याचा नेहमीचाच रोग. ऑक्टोबरची उष्णता, पडवीत वारा नाही आणि ट्रेमध्ये ओल जास्त. गांडूळखत नीट कुजलेलंही नव्हतं.

राहिलेली रोपं उन्हाच्या तिरिपीत हलवली, पाणी वरून देणं बंद केलं. ट्रेच परातीत ठेवून खालून पाणी द्यायचं. दुसरी पुडी मागवली, पुन्हा १८० रुपये. या वेळी नुसतं कोकोपीट आणि नदीची चाळलेली वाळू. खत रोपाला चार पानं आल्यावर. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी सुरुवातच अशी करावी, एक पुडी वाचेल.

१९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. रोपं वीतभर झाली आहेत, लागवड केली. वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, आतल्या बाजूने एक रांग, दोन रोपांत तीन फूट. जांभ्याची जमीन, म्हणून खड्डा हातभर खणून त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरला. एकूण नऊ रोपं.

काटे कोवळेपणीच बोचतात. रबरी हातमोजे निरुपयोगी, काटा सरळ आरपार जातो. चामड्याचे वेल्डिंगचे हातमोजे २२० रुपयांना आणले, तेच चालले. काट्याचा रंग फिकट, पिवळट, आत मोडला की दिसत नाही.

१० डिसेंबर

आजची नोंद तात्यांच्या वांग्यांची, पण पुढे तिचा संबंध येणार आहे.

तात्यांच्या वाफ्यात भर फुलावर आलेली वांग्याची झाडं एकेक करून कोमेजताहेत. सकाळी टवटवीत, दुपारी पानं लोंबलेली, संध्याकाळी पुन्हा थोडी सावरलेली, आणि दोन-तीन दिवसांत हिरवीगारच मेलेली. पान पिवळं पडत नाही, किडा सापडत नाही. तात्यांनी मुळाशी पाणी वाढवलं, त्याने आणखी झपाट्याने गेली.

एका मेलेल्या झाडाचा जमिनीलगतचा दोन बोटं तुकडा कापला आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात दोऱ्याने लोंबता धरला. हलवायचं नाही. दोन-चार मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधट धागा निघाला आणि सरळ खाली उतरायला लागला, मग दुसरा, मग तिसरा. पेल्याच्या तळाशी धुकं साचलं. तात्या चष्मा लावून बघत राहिले. हे धागे म्हणजे मर रोगाचे जिवाणू, लाखोंनी. बुरशीची मर असती तर पाणी स्वच्छ राहिलं असतं. हा जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो आणि पाण्याबरोबर वाफ्यातून वाफ्यात जातो. आपल्या आम्लधर्मी, दमट जमिनी त्याला मानवतात. फवारणीने तो जात नाही. तिथे वांगी, टोमॅटो, मिरची काही वर्षं लावायची नाही, एवढाच साधा उपाय. तात्यांकडे पाण्याजवळचा वाफा तो एकच.

माझ्याकडची लिची टोमॅटोची रोपं त्याच पाटाच्या पाण्यावर आहेत. एकही कोमेजलेलं नाही.

नेपाळमध्ये याच झाडाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या खोडावर, टोमॅटोचं कलम करतात. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) आणि हा मर रोग, दोन्हींसाठी. युरोपात ते बटाट्याच्या शेतात सापळा पीक म्हणून पेरतात. त्याच्या मुळांच्या स्रावाने बटाट्यावरच्या सूत्रकृमींची अंडी फुटतात, पण पिल्लांची वाढ या मुळांवर पूर्ण होत नाही, ती उपाशी मरतात. म्हणजे या झाडाची मुळं कामाची आहेत. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. फळाबद्दल सांगत होतो तेव्हा त्यांना जांभया येत होत्या.

"खुंट म्हणतोस? मग बांधू की कलम."

दुसऱ्या पुडीतल्या शिल्लक बिया लगेच पेरल्या.

३ जानेवारी २०२४

वांग्याचं बी आज पेरलं. खुंट मुद्दाम तीन आठवडे आधी पेरला होता. काटेरी झाडाची सुरुवातीची वाढ फार संथ, दोन्ही एकाच दिवशी पेरली असती तर वांग्याचं रोप पेन्सिलीएवढं आणि खुंट काडीएवढा राहिला असता.

वईच्या रांगेला फुलं धरली आहेत. पांढरी, फिकट जांभळी झाक, मधे पिवळे पुंकेसर, वांग्याच्या फुलासारखीच पण झुबक्यांत. धरतात आणि गळतात. फळ एकही नाही.

१४ जानेवारी

फुलं का गळतात ते बघायला सकाळी खुर्ची टाकून बसलो. सातेरीच्या मधमाश्या येतात, बसतात, उडून जातात. या फुलाच्या पुंकेसराला परागकण बाहेर पडायला फक्त टोकाशी बारीक भोक असतं. नुसतं बसून पराग मिळत नाही, फूल थरथरवावं लागतं आणि ते सातेरीला येत नाही.

ऊन चढल्यावर एक काळा भुंगा आला, घराच्या वाशांना भोकं पाडतो तोच. फूल पायांनी मिठीत धरलं, पंख हलेनासे झाले, आणि एकदम त्याच्या गुणगुणण्याचा सूर बदलून चढला. मी खाली काळी छत्री उघडून धरली होती, तिच्यावर पिवळी पूड सांडली. बरीच फुलं त्याने अशीच झटकली. पण आला तो एकटा, आणि रोज येईलच असं नाही.

तालुक्याला गेलो तेव्हा बॅटरीचा टूथब्रश आणला, १६० रुपये. ब्रशची बाजू फुलाच्या देठाला क्षणभर टेकवायची, पूड उडते. एका झाडाची फुलं दुसऱ्या झाडाजवळ नेऊनही झटकली. वहिनीने आईला हाक मारून दाखवलं, "बघा, भाऊजी झाडांचे दात घासतायत."

२८ जानेवारी

लिचीवर हालचाल आहे. कडं घातलेल्या चारपैकी दोन फांद्यांच्या शेंड्यांना फुगीर, राखाडी लव असलेले डोळे. मोकळ्या फांद्यांना नेहमीसारखी पालवी. मोहोर की पालवी हे अजून सांगता येत नाही. उबदार हिवाळ्यात लिची अर्धवटच मोहोरते, तुऱ्यातच पानं फुटतात. किमान तापमान यंदा एकदाच १६वर आलं, बाकी सगळ्या रात्री त्याच्या वर. कड्यांच्या जखमा भरून आल्या आहेत, साल पुन्हा जुळली.

रांबुतानचं एक कलम गेलं. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपत गेल्या, ती जागा समुद्राच्या अंगाला उघडी होती. दुसरं गोठ्याच्या आडोशाला, सुपारीच्या सावलीत आहे आणि ठीक आहे. कलमाचे ५५० रुपये पाण्यात. रांबुतानला उष्ण हवा आणि दमटपणा हवा, तो आपल्याकडे आहे, पण खारा वारा थेट नको. बी लावून रोप करू नये. बियांच्या झाडांत काही नुसती नर निघतात आणि ते कळायला पाच-सहा वर्षं जातात.

४ फेब्रुवारी

कलमं बांधली. बांधली तात्यांनी, मी हमाल.

आंब्याचं कोय कलम बांधणाऱ्या हाताला हे काम अवघड नाही, फक्त सगळं सुतळीएवढं बारीक. खुंट दोन पानं ठेवून वर कापायचा. कापायच्या जागेचे काटे ब्लेडने आधी तासून घ्यायचे, नाहीतर क्लिप बसत नाही. मध्यावर अर्धा इंच उभी चीर. वांग्याच्या शेंड्याला दोन कोवळी पानं ठेवून बाकी काढायची, उरलेली पानंही निम्मी कापायची. टोकाला दोन्ही बाजूंनी पाचर करून चिरेत बसवायची आणि सिलिकॉनची क्लिप लावायची. क्लिप शंभराच्या पाकिटात मिळाल्या, २४० रुपये. तात्यांचा क्लिपवर विश्वास नव्हता. त्यांनी काही कलमं प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली, आंब्यासारखी.

नंतरचे पाच-सहा दिवस अंधार आणि ओलावा लागतो, जोड बसेपर्यंत वरच्या शेंड्याला पाणी मिळणार कुठून? माशांच्या थर्माकोलच्या जुन्या खोक्यात तळाशी ओली वाळू घातली, वर काच आणि काचेवर गोणपाट.

११ फेब्रुवारी

निम्म्याहून जास्त कलमं गेली. खोक्यात काचेवर पाणी जमून ते थेंब थेंब जोडावर पडत होतं. जिथे पडलं तिथे पाचर कुजली. तात्यांच्या पट्टीवाल्यांत पाणी शिरून राहिलं, त्यातलं एकही वाचलं नाही. तात्या काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला स्वतःहून क्लिप मागून घेतल्या.

बदल दोन केले. काच तिरकी ठेवली, म्हणजे पाणी कडेला ओघळतं. आणि कलमं दिवस कलल्यावर बांधायची. सकाळी बांधलेली दुपारच्या उन्हात खोक्यापर्यंत नेईतोच माना टाकत होती. दुसऱ्या खेपेची बहुतेक सगळी धरली.

आईने विचारलं, काटेरी विषारी झाडावर वांगं बांधलं तर विष वांग्यात येणार नाही का. प्रश्न रास्त आहे. धोत्र्याच्या बाबतीत ते होतं. धोत्र्याचं विष मुळांत तयार होऊन वर चढतं, म्हणून धोत्र्याच्या खुंटावर टोमॅटो बांधून खाल्लेल्यांना विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत. हा खुंट धोत्रा नव्हे आणि त्याच्यावरचा टोमॅटो नेपाळात रोजच्या खाण्यात आहे. पण खुंट म्हणून हाताला लागेल ते रानझाड कोणी वापरू नये, यासाठी हे लिहून ठेवतो.

२२ फेब्रुवारी

वईच्या रांगेत पहिलं फळ पिकलं. काटेरी टोपण उकलून पाकळ्यांसारखं मागे वळतं आणि आत लालभडक, चकचकीत, बोराएवढं फळ दिसतं. हलक्या चिमटीने ओढलं की निघून येतं. जोर लावावा लागला तर ते पिकलेलं नाही, तसंच सोडावं. कच्चं फळ आणि पानं खायची नाहीत, त्यांत सोलासोडीनच्या गटातली विषारी द्रव्यं असतात. पोरांना हे आधीच बजावून ठेवलं.

चव? आतला गर पिवळट, बिया भरमसाट. आधी गोड, मागून आंबट, वास किंचित चेरीचा. लिचीसारखं काही म्हणजे काहीच नाही. वहिनीने खाऊन "टोमॅटोच आहे की" म्हटलं आणि दुसरं घेतलं नाही. पोरांनी मात्र संपवली. गाळून केलेलं सार बरं झालं, गूळ थोडा जास्त लागला. बिया गाळल्याशिवाय करू नये, दातांत येतात.

एक वाटी फळं काढायला पाऊण तास गेला. बाजारात विकायचं पीक हे नव्हे, हे आजच कळलं.

१० मार्च

तात्यांच्या रोगट वाफ्यात कलमी वांगी लावली. तात्या म्हणाले, शेजारी साधी वांगीही लाव, नाहीतर पुढे म्हणशील रोगच गेला होता. खरंच आहे. बारा कलमी आणि बारा साधी, एकाआड एक. पाणी एकाच पाटाचं.

जोड जमिनीच्या वर चार बोटं ठेवला. तो मातीखाली गेला तर वांगं स्वतःची मुळं सोडतं आणि खुंटाचा उपयोग संपतो. आंब्याच्या कलमाला भर घालायची सवय झालेल्या गड्याने दोन झाडांना मातीची भर घातलीच, ती काढून घेतली.

लिचीवर दोन्ही फांद्यांना तुरे आले आहेत. पानं मिसळलेले, पण तुरे. फुलं हिरवट, बारीक, पाकळ्या नसलेली. लिचीच्या तुऱ्यात आधी नर फुलं येतात, मग मादीसारखी, मग पुन्हा नर. मधल्या आठवड्यात माश्या असणं महत्त्वाचं. तिथे सातेरी पुरेशा आहेत, टूथब्रशची गरज नाही.

३१ मार्च

वानरांचा निकाल. टोळी आली, रांगेजवळ बसली, एकाने कच्चं फळ टोपणासकट ओढलं, हात झटकला, आणि टोळी रांगेवरून उडी मारून तात्यांच्या पपईवर गेली. म्हणजे झाडाला हात लावत नाहीत, पण कुंपण म्हणूनही मानत नाहीत. तीन फुटांची रांग वानराला काय अडवणार? शेळ्या मात्र आत येत नाहीत.

पिकलेली फळं बुलबुल खातात. टोपण उघडलं की चोच आत. तात्यांना ही मजा वाटली, मला काळजी. या झाडाचं बी पक्ष्यांच्या पोटातून कुठेही जाईल आणि दक्षिण आफ्रिकेत हे झाड तण म्हणून जाहीर आहे. मुळांवरूनही नवे फुटवे येतात, एक दीड फूट लांब निघाला. आजपासून टोपण उकलायला लागलं की सगळी फळं तोडायची, रांगेवर मासेमारीचं जुनं जाळं घातलं. शेजारी सड्यावर गुरं चरतात, तिथे हे पोचता कामा नये.

२१ एप्रिल

साधी वांगी माना टाकायला लागली. बारातली सात गेली. पेल्याची परीक्षा पुन्हा केली, तेच दुधट धागे. कलमी बारापैकी अकरा उभी. बारावं खोडकिडीने गेलं, रोगाने नाही.

खुंटाला जोडाच्या खालून काटेरी फुटवे येतात, आठवड्याला खुडावे लागतात. न खुडल्यास काटेरी झाड वांग्याला दाबून टाकतं. दोन झाडांचा जोड वरून जाड, खालून बारीक झालाय, वाऱ्यात मोडेल असं वाटतं. सगळ्यांना चिवाट्याच्या काठीचा आधार दिला.

लिचीचे मणी गळताहेत. उन्हाचा तडाखा. पाणी परत सुरू केलं आहे, आळ्यात नारळाचं सोडण घातलं, आणि तुऱ्यांवर सकाळी पाण्याचा फवारा. मुठीने गळतात. फळमाशीने नाही, उष्णतेने.

१२ मे

लिची. मोजून अकरा फळं, दोन तुऱ्यांवर मिळून. आकार लहान, बी मोठं, साल कोकमाएवढी लालही झाली नाही, गुलाबी-पिवळट. आणखी दोन दिवस ठेवायची होती पण वटवाघळांनी त्यातली तीन नेली, म्हणून उरलेली काढली. काढल्यावर लिची पिकत नाही, आहे तेवढीच गोडी राहते. चव चांगली, जरा आंबट. साल दुसऱ्या दिवशीच तपकिरी पडली.

पोरांना जेवणानंतर दिली. मुझफ्फरपूरच्या भागात लहान मुलांना रात्री न जेवता भरपूर लिची, त्यातही कच्ची, खाल्ल्याने साखर एकदम उतरून मेंदूवर परिणाम होत होता. २०१४च्या तपासणीत लिचीतल्या दोन द्रव्यांशी त्याचा संबंध दिसला. आमच्या आठ फळांनी कोणाला काही होणार नव्हतं, पण आईने ऐकून ठेवलं होतं.

तात्यांना दोन दिली. ते म्हणाले, "कोशिंबाची आठवण झाली." यात गंमत आहे, कारण कोशिंब लिचीचा खरा भाऊबंद. लिची, रांबुतान, कोशिंब, रिठा, आणि सह्याद्रीच्या रानात वाढणारा वुंब, जो बाहेर लाँगन म्हणून विकला जातो, हे सगळं एकच कूळ. रानात वुंब मिळाला तर बी त्याच दिवशी पेरावं, वाळलं की ते मेलं. देवराईतलं मात्र उचलू नये.

२ जून

पाऊस यायच्या आत आवराआवर. वईची रांग मुळासकट उपटली. चामड्याचे हातमोजे, पहार, आणि एका गड्याची दिवसभराची मजुरी, ६०० रुपये. उपटलेली झाडं तिथेच वाळवून जाळली. कंपोस्टमध्ये घालायची नाहीत, काटे वर्षभर शाबूत राहतात. दोन झाडं मोठ्या कुंड्यांत ठेवली आहेत, बियांसाठी, जाळ्याखाली.

बी असं काढलं : पिकलेली फळं पाण्यात कुस्करून दोन दिवस आंबवली, तळाशी बसलेलं बी धुऊन राखेत घोळून सावलीत वाळवलं. पुढच्या वर्षी पुडी विकत घ्यायची नाही.

एकूण खर्च, बी, ट्रे-कोकोपीट, हातमोजे, क्लिप, टूथब्रश, मेलेलं रांबुतान आणि मजुरी धरून, २,७००च्या घरात. उत्पन्न म्हणायचं तर अकरा लिच्या (त्यातल्या तीन वटवाघळाच्या), काही वाट्या काटेरी फळं, आणि तात्यांची वांगी, जी अजून चालू आहेत. कलमी अकरा झाडांतलं एक परवाच्या वाऱ्यात जोडाशी मोडलं. बाकीच्यांवर आजही फूल आहे. साध्या बारातलं एक उभं आहे, ते का वाचलं कळत नाही. तात्यांनी त्याचं बी धरायला ठेवलंय.

पुढच्या ऑक्टोबरात लिचीच्या दुसऱ्या चार फांद्यांना कडं घालणार, यंदाच्या चार फांद्यांना विश्रांती. कल्टारचा विषय तात्या पुन्हा काढतील.

त्यांनी पन्नास खुंटांची मागणी नोंदवली आहे, सप्टेंबरात पेरायचे. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "बांधणार कोण? मीच ना? मग उलट तूच मला दे."